पखालवाल्याचा भाऊ : महादजी शिंदे



आपल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेताना आपण काय काय बघतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो आणि मग विचारतो, जात कुठली, कुणाच्या दावणीचा? बैलाच्या बाबतीत ते ठीक आहे. पण वर्गात नवीन मूल आलं की त्यालाही आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, कुणाचा रे तू? ऊसतोडीच्या कोपीवरून आलेलं पोर या प्रश्नाला मान खाली घालतं. म्हणून 'खानदानी' हा शब्द शिकवताना मी महादजी शिंद्यांची गोष्ट सांगते. त्यांच्या घराण्याचा वाडा आपल्याच तालुक्यात, श्रीगोंद्याला आहे.

राणोजी शिंदे हे मूळचे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे. पेशव्यांचे जोडे सांभाळण्यापासून त्यांची चाकरी सुरू झाली आणि ते माळव्याचे मोठे सरदार झाले, असं सांगतात. महादजी त्यांचे धाकटे पुत्र. पण आई चिमाबाई लग्नाच्या बायकोच्या मानाची नव्हती. अशा मुलाला त्या काळी लेकावळा म्हणत. हा शब्द मुलांना सांगावा की नाही? पाचवीच्या पुढे मी सांगते. तो लपवला तर पुढची अर्धी गोष्ट कळतच नाही.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. पुतण्या जनकोजी आणि भाऊ तुकोजी गेले. दत्ताजी तर वर्षभर आधीच बुराडी घाटावर पडले होते. महादजी घोड्यावरून दक्षिणेकडे निघाले, पण एका अफगाण स्वारानं लांबवर पाठलाग करून त्यांना गाठलं, पायावर घाव घातला, अंगावरचं काढून घेतलं आणि रस्त्यातच टाकून दिलं. तिथून राणेखान चालला होता. हा भिस्ती, म्हणजे पखालीनं पाणी वाहणारा. त्यानं जखमी महादजींना आपल्या पखालीच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणलं. पाय मात्र कायमचा अधू झाला.

आता घरात कर्ता कोण? सरदारीवर हक्क सांगणारे बरेच निघाले. महादजींच्या विरोधात जन्माचा मुद्दा काढला गेला. राघोबादादांचा कलही दुसरीकडे होता. सात वर्षं हा घोळ चालला, तेव्हा कुठे १७६८ च्या सुमारास थोरल्या माधवरावांनी सरदारी महादजींकडे दिली.

पुढचं पाठ्यपुस्तकात थोडंफार असतं, म्हणून भरभर सांगते. १७७२ ला बादशहा शाहआलमला दिल्लीच्या गादीवर नेऊन बसवलं, १७८२ ला सालबाईचा तह झाला, १७८४ ला वकील-इ-मुतलकपद पेशव्यांच्या नावे मिळालं आणि कारभार महादजींच्या हाती आला. पण मला थांबावंसं वाटतं ते राणेखानापाशी. सत्ता आल्यावर महादजींनी त्याला बक्षीस देऊन वाटेला लावलं नाही. त्याला भाऊ मानलं, फौजेत वर आणलं. १७८८ साली गुलाम कादिरनं बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली परत घ्यायला गेलेल्या फौजेचा सरदार हाच राणेखान होता! नंतर गुलाम कादिरला जी शिक्षा झाली ती फार क्रूर होती. हेही मुलांपासून झाकू नये. महादजी काही संत नव्हते.

१७९२ ला ते पुण्याला आले. एवढा मोठा सरदार, पण हत्तीवरून लांबच उतरले, दरबारात सगळ्यांच्या खाली बसले आणि काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून तरुण पेशव्यांपुढे ठेवले. वडिलांचं काम तेच आपलं, असा त्याचा अर्थ. स्वतःला ते पाटीलच म्हणवून घेत. नाना फडणवीसांना शह द्यायचा होता, म्हणून हे सोंग केलं, असं बरेचजण मानतात. असेलही. पण जन्मावरून आयुष्यभर टोमणे ऐकलेल्या माणसानं भर दरबारात आपलं मूळ स्वतः उघडं करून दाखवलं, हे मला नुसतं सोंग वाटत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला ते वारले. तिथली शिंदे छत्री सहलीत जरूर दाखवा. त्यांना मुलगा नव्हता. तुकोजींचा नातू दौलतराव वारस झाला. वाडे, तोफा, कवायती फौज, सगळं त्याला आयतं मिळालं. ऑगस्ट १८०३ मध्ये आपला नगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तो याच दौलतरावाच्या हातून. वर्ष संपायच्या आत दिल्लीही गेली.

ही गोष्ट झाली की मी मुलांना राणेखानाचं चित्र काढायला सांगते. बैल आणि पखाल सगळेच काढतात. मागच्या वर्षी कोपीवरच्या एका मुलानं बैलाच्या जागी उसाची बैलगाडी काढली, आणि हाकणाऱ्याच्या डोक्याला आपल्या बापासारखा गमछा बांधला.