कै. माधवराव महाराज शिंदे आणि त्यांच्या दोन आगगाड्या

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद अनेकांना असतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी, तर कोणी जुने चिमुकले कॅमेरे. १९३८ साली रीगा शहरात तयार होऊ लागलेला मिनॉक्स कॅमेरा हा या शेवटच्या मंडळींचा विशेष आवडता. वाल्टर झाप यांनी तो घडविला तो कोणाच्याही खिशात सहज मावावा म्हणून. परंतु तो मुठीत लपतो आणि कागदपत्रांची छायाचित्रे स्वच्छ घेतो, हे ध्यानी येताच देशोदेशींच्या हेरांनी तो उचलला व हेरांचा कॅमेरा हेच त्याचे नाव जगात गाजले. करणाऱ्याचा हेतू मागे पडला आणि नवलाची कथा तेवढी उरली. जमविलेल्या वस्तूंच्या बाबतीत असे वारंवार घडते. वस्तू राहते, तिच्यामागचा माणूस मात्र विसरला जातो.

याचे उदाहरण शोधण्यास आम्हां ग्वाल्हेरकरांना रीगापर्यंत जावयास नको. आमच्या जयविलास राजवाड्यातच असे एक चिमुकले यंत्र आहे. भोजनगृहातील लांबलचक मेजावर रूळ मांडलेले आहेत व त्यांवर चांदीची एक छोटी आगगाडी उभी आहे. तिच्या सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावातील सात अक्षरे एकेक करून बसविलेली आहेत. डब्यांत स्फटिकासारख्या काचेची सुरेख पात्रे. मेजवानीच्या वेळी विजेच्या बळावर ही गाडी पाहुण्यांपुढून फिरे. एखाद्याने पात्र उचलले की ती आपोआप थांबे, आणि पात्र जागच्या जागी ठेवले की पुन्हा चालू लागे. शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही हे संग्रहालय पाहावयास जातो, तेव्हा या मेजाभोवती सर्वांत अधिक गर्दी होते. मुले पहिल्यांदा विचारतात ती तिची किंमत. ती कोणी करविली व त्याने आणखी काय केले, हे विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. म्हणूनच त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे असे आम्हांस वाटले.

माधवराव महाराजांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. जयविलास राजवाडा बांधविणारे जयाजीराव महाराज हे त्यांचे वडील. १८८६ साली जयाजीराव निवर्तले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. ज्या वयात मुलांनी विटीदांडू खेळावा त्या वयात त्यांच्या मस्तकी ग्वाल्हेरच्या गादीचा भार आला. राज्यकारभार पाहण्यासाठी मंडळ नेमण्यात आले आणि बालमहाराजांचे शिक्षण सुरू झाले. १८९४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

महाराजांना यंत्रांची विलक्षण ओढ होती. पुष्कळ राजेरजवाड्यांना अशी हौस असे. विलायतेहून नवीन यंत्र आणावे, चार दिवस मिरवावे आणि मग ते धूळ खात पडू द्यावे, असा बहुधा तिचा शेवट होई. माधवरावांची हौसही आरंभी खेळाचीच होती. राजवाड्याच्या परिसरात त्यांनी दोन फूट रुंदीच्या रुळांची एक छोटी आगगाडी सुरू केली. परंतु हा खेळ खेळता खेळता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि तिथेच हौशी राजा व कर्ता राजा यांतील अंतर दिसून येते.

त्या काळी संस्थानाच्या उत्तर भागात दळणवळणाची साधने फार तोकडी होती. चंबळेच्या काठची जमीन घळींनी पोखरलेली. पावसाळ्यात गाडीवाटा चिखलात बुडत. एका गावी धान्याच्या राशी पडून असल्या, तरी चार मजलांवरच्या गावी ते वेळेवर पोचण्याची खात्री नसे. अवर्षणाच्या साली या अडचणीचे रूप किती भयंकर होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. रुंद रुळांचा लोहमार्ग टाकावा, तर त्याचा खर्च प्रचंड. त्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते; भराव, पूल, इंजिने सारेच त्या मानाने अवजड. दोन फुटांच्या मार्गाला मात्र जमीन थोडी लागते, रूळ हलके चालतात, पूल बेताचे पुरतात आणि वळणही चटकन घेता येते. गाडी सावकाश चालते व ओझे कमी नेते हे खरे. पण जेथे काहीच नाही, तेथे सावकाश चालणारी गाडीही लक्ष्मीच्या पावलांनी येते.

अशा रीतीने राजवाड्याभोवतीचे खेळणे राज्यभर धावू लागले. १८९९ सालापर्यंत भिंड व शिवपुरी या दोन्ही दिशांना मार्ग तयार झाले. १९०४ साली गाडी सबलगडास पोचली आणि १९०९ साली श्योपुरास. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर जवळजवळ २०० किलोमीटर. इतक्या अरुंद रुळांवरून इतका लांबचा प्रवास घडविणारे मार्ग जगात फारच थोडे होते. जौरा, कैलारस, सबलगड येथील शेतकरी, व्यापारी, विद्यार्थी, माहेरवाशिणी, सारेच या गाडीचे उतारू झाले. सकाळी ग्वाल्हेरहून निघालेली गाडी श्योपुरास पोचेपर्यंत दिवस कलत असे. आत जागा मिळाली नाही तर लोक टपावर बसत. मेजावरच्या गाडीने मोजक्या पाहुण्यांची सरबराई केली. या गाडीने पिढ्यान्‌पिढ्या सामान्य माणसांची केली.

महाराजांची धडाडी केवळ लोहमार्गापुरती नव्हती. १९०० साली चीनमध्ये लढाई उद्‌भवली, तेव्हा ते स्वतः तेथे गेले व जखमींसाठी सर्व साधनांनी सज्ज असे एक रुग्णालय-जहाज त्यांनी आपल्या खर्चाने दिले. १९१३ साली संस्थानात पुराणवस्तू खाते स्थापन झाले. १९१८ साली पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय निघाले. ग्वाल्हेर घराण्याच्या गावी गायनविद्या शाळेत शिकविली जाऊ लागली. शिवपुरीस त्यांनी उन्हाळ्याची राजधानी वसविली.

सर्वच कामांना यश आले असे मात्र नाही. त्यांच्या कारकिर्दीत बांधलेले तिघऱ्याचे धरण १९१७ सालच्या ऑगस्टमध्ये फुटले. पायाच्या खडकात पाणी मुरले आणि भिंतीचा भाग वाहून गेला. ते पुन्हा बांधण्यात आले आणि ग्वाल्हेरच्या नळांना त्याचेच पाणी येऊ लागले. मोठी कामे अंगावर घेणाऱ्याला मोठे अपयशही सोसावे लागते. आणखीही एक गोष्ट आम्ही लपवू इच्छीत नाही. चांदीची गाडी काय अथवा लोखंडाची काय, दोहोंचा पैसा शेवटी राज्याचा, म्हणजे रयतेच्याच घामाचा. राजाचे मोल ठरवावयाचे ते त्याने तो पैसा कोठे वळविला यावरून. माधवरावांनी मौजेत खर्च केला नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु मौजेतून मिळालेले ज्ञान त्यांनी रयतेच्या कामी लावले, हे कोणालाही मान्य करावे लागेल.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे महाराजांचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आत. त्यांचे पुत्र जिवाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचेही झालेले नव्हते. बापाच्या बाबतीत जे घडले तेच मुलाच्याही नशिबी आले. शिवपुरी येथे महाराजांची संगमरवरी छत्री आहे. पुढे संस्थाने विलीन झाली व १९५१ साली त्यांचा लोहमार्ग मध्य रेल्वेत सामील झाला. महाराजांचेच नाव धारण करणारे त्यांचे नातू १९८६ ते १९८९ या काळात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री होते, हाही एक योगायोगच म्हणावयाचा.

आता या दोन गाड्यांचे पुढे काय झाले ते पाहा. जयविलासातील संग्रहालय १९६४ साली लोकांस खुले झाले आणि चांदीची गाडी तेथे जपून ठेवली गेली. लोखंडाच्या गाडीचे भाग्य निराळे. शिवपुरीचा अरुंद मार्ग पूर्वीच बंद पडला; भिंडेकडे रुंद रूळ पडले. श्योपूरची गाडी तेवढी तग धरून होती. २०२० साली तीही थांबली आणि त्या बाजूसही रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. यात रडण्यासारखे काही नाही. वेगवान गाडी आली तर लोकांचे भलेच होणार. आपले काम पुढच्या साधनाच्या हाती सोपवून निवृत्त होणे, यापरते यंत्राचे सार्थक ते कोणते? तरीही मनाला एक रुखरुख लागते. जी गाडी चांदीची होती ती जपली गेली. जिने शंभरांहून अधिक वर्षे माणसे वाहिली, तिची आठवण जपणे हे आता आपल्याच हाती आहे.

विद्यार्थीमित्रांनो, जुन्या वस्तू अवश्य जमवा. चिमुकला कॅमेरा मिळाला तर तो जमवा, आजोबांचे बंद पडलेले घड्याळ मिळाले तर तेही ठेवा. पण प्रत्येक वस्तूबरोबर तिची हकीकतही वहीत लिहून ठेवा: ती कोणी केली, कशासाठी केली, कोणाच्या उपयोगी पडली. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी श्योपूरच्या गाडीने प्रवास केलेली वडील माणसे असतील. त्यांच्याजवळ बसा व त्या प्रवासाची गोष्ट विचारून घ्या. पुढच्या खेपेस जयविलासात त्या लखलखीत डब्यांपुढे उभे राहाल, तेव्हा त्यांची किंमत विचारण्याआधी तुम्हांला दुसरी गाडी आठवावी, एवढीच आमची इच्छा आहे.