वेदनेला उत्तर शोधणारी परिचारिका : डॉ. सिसिली सॉन्डर्स

लकडगंजमधील लाकडाच्या वखारींमागील वस्तीत आम्ही एका वृद्ध आजाऱ्यास पवित्र कम्युनियन देण्यास गेलो होतो. कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता. डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या उशाशी होत्या; परंतु वेदना अगदी असह्य झाल्याखेरीज घरची मंडळी त्या देत नव्हती. सवय लागेल, शुद्ध हरपेल आणि प्रभूने दिलेला क्रूस नाकारल्याचे पाप लागेल, अशी तीन भये त्यांनी आम्हांस बोलून दाखविली. या भयांना ज्या स्त्रीने आपल्या कार्याने उत्तर दिले, तिचा परिचय वाचकांस करून द्यावा असे त्या दिवशी मनात आले.

सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळील बार्नेट येथे एका सधन कुटुंबात झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातच समाजसेविका म्हणून राहिल्या. याच सुमारास, १९४५ साली, त्यांना ख्रिस्तावरील श्रद्धा गवसली. त्या अँग्लिकन पंथाच्या होत्या.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते एका निराधार रुग्णाने. डेव्हिड तास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू माणूस, वय चाळीसच्या आसपास, कर्करोगाने खंगलेला. आपण जगलो काय नि न जगलो काय, कोणालाच फरक पडणार नाही, हे शल्य त्याला शारीरिक वेदनेइतकेच छळत होते. मरणोन्मुखांसाठी निराळे घर असावे, ही कल्पना त्या दोघांच्या संभाषणांतून उमलली. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो वारला. त्या घराची एक खिडकी आपली असावी, या इच्छेने त्याने सिसिली यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले. खिडकी आधी मिळाली. तिच्याभोवती घर बांधण्यास एकोणीस वर्षे लागली.

सेंट ल्यूक्स या मरणासन्नांच्या आश्रयगृहात त्या संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जात. तेथे त्यांनी एक गोष्ट टिपली : वेदनाशामक औषध ठरलेल्या वेळी, वेदना उसळण्यापूर्वीच दिले जात असे. अन्य रुग्णालयांत मात्र रुग्णाने कळवळून मागितल्यावर सुई टोचली जाई. परिचारिकेचे म्हणणे डॉक्टर ऐकणार नाहीत. काही बदलायचे तर स्वतः डॉक्टर व्हावे, असा सल्ला एका शल्यचिकित्सकाने त्यांना दिला. तेहतिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला आणि १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या.

त्यांच्या संशोधनाची खरी प्रयोगशाळा ठरले हॅकनी येथील सेंट जोसेफ हॉस्पिस. आयर्लंडच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या कॅथलिक धर्मभगिनी ते चालवीत. तेथे माया अपार होती, परंतु वेदनाशमनाची शिस्त नव्हती. १९५८ पासून सुमारे सात वर्षे सिसिली यांनी तेथे काम केले. तोंडावाटे दर चार तासांनी मॉर्फिनसारखे औषध, प्रत्येकाच्या गरजेइतकेच. मळमळ, बद्धकोष्ठ, धाप यांवर वेगळे उपाय. आणि प्रत्येक रुग्णाची काळजीपूर्वक नोंद. हजाराहून अधिक रुग्णांच्या या नोंदींतून स्पष्ट झाले की नियमित औषध मिळालेला रुग्ण व्यसनी होत नाही, गुंगीत पडून राहत नाही. उलट तो बोलू लागतो, जेवतो, आप्तांना ओळखतो. वेदना केवळ शरीराची नसते. मन, कुटुंब, पैशाची चिंता आणि आत्म्याची तळमळ हे सारे तिच्यात मिसळलेले असते, हा समग्र वेदनेचा विचारही त्यांनी मांडला.

१९६७ साली दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभे राहिले. तेथे शुश्रूषा, अध्यापन व संशोधन एकाच छपराखाली आले. १९७१ पासून डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी तेथे हेरॉइन व मॉर्फिन यांची पद्धतशीर तुलना केली. तोंडावाटे योग्य मात्रेत दिल्यास दोहोंच्या गुणात लक्षणीय फरक नाही, असे दिसून आले. अर्थात जेथे हेरॉइन औषध म्हणून मिळत नाही, त्या देशांतही साध्या मॉर्फिनने काम भागते. आपल्यासारख्या देशांस याचे मोल मोठे आहे.

सिसिली यांनी दयामरणास सातत्याने विरोध केला. वेदना हटवावी, माणूस नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्यांना १९८१ साली टेंपल्टन पुरस्कार आणि १९८९ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, कर्करोगानेच त्यांचे निधन झाले, तेही सेंट ख्रिस्तोफरमध्येच.

हे लोण भारतातही आले. १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू केले. मात्र अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कडक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली.

आता राहिले ते तिसरे भय. त्याचे उत्तर पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर दिले होते. ख्रिस्ती माणसावर सर्व वेदना सोसण्याची सक्ती नाही. स्वेच्छेने सोसलेले दुःख प्रभूला अर्पण करता येते. पण ते दुसऱ्यावर लादता येत नाही. मरण घडविणे हा हेतू नसेल, तर वेदनाशमनासाठी औषध घेणे पाप नव्हे.

त्या घरी आम्ही एवढेच सांगितले, आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून भिंतीला लावण्यास सुचविले. पुढच्या भेटीत आजोबा उशीला टेकून बसले होते. प्रार्थनेतील प्रत्युत्तरे त्यांनी स्वतः, स्पष्ट स्वरात दिली. क्रूसाखाली उभी राहिलेली मरियामाता पुत्राच्या वेदना पाहून दूर गेली नाही. आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांपाशीही आपण असेच उभे राहावे, आणि जी वेदना हटविता येते ती हटविण्यास कचरू नये.