हेलियम खरंच विजयदुर्गावर सापडला? वाचा नॉर्मन लॉकियर यांची गोष्ट

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आजही दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. व्हॉट्सअॅपवरही हे फिरतं. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते.

१८३६ साली रग्बी गावात जन्मलेले लॉकियर तेव्हा ब्रिटिश युद्ध खात्यात कारकून होते. आकाश बघायचं ते नोकरी सांभाळून. सूर्याच्या ज्वाळा पाहायला ग्रहणच कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं. वर्णपटमापक हाती यायला उशीर झाला, पण २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहण नसताना ज्वाळांचा वर्णपट मिळवला. फ्रान्सचे जान्सेन यांनी गुंटूरला ग्रहणानंतर हेच आधी साधलं होतं. दोघांचं काम पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचलं आणि श्रेय दोघांना मिळालं.

वर्णपटात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या रेषांजवळ, पण त्यांच्या जागेवर नाही. लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली. अनेकांना ते पटलं नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळाला, तेव्हा २७ वर्षांचा वाद मिटला.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली असावी.

त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. जास्त तापमानात काही रेषा ठळक होतात, हे त्यांनी अचूक टिपलं. अणू फुटून आणखी साधी द्रव्यं होतात, हा अर्थ मात्र चुकला. १९२० मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी मेघनाद साहा यांनी खरं कारण मांडलं: अणू इलेक्ट्रॉन गमावतात. त्यानंतरच रेषांवरून ताऱ्यात काय किती आहे, हे मोजता येऊ लागलं.

उन्हाळ्यात पहाटे शहापूर-मुरबाडच्या अंधाऱ्या माळावरून दक्षिणेला धनू रास दिसते. छोट्या दुर्बिणीतून तिथला एम-५४ हा तारकागुच्छ पुसट ठिपक्यासारखा दिसतो. सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका बटू दीर्घिकेचा तो गाभा. त्यात १२-१३ अब्ज वर्षांचे, लोह कमी असलेले तारे आहेत आणि दोनेक अब्ज वर्षांचे, लोह बरंच जास्त असलेलेही. आधीच्या ताऱ्यांनी स्फोटातून उधळलेलं लोह नंतरच्यांच्या वाट्याला आलं, हे कळलं ते अशाच रेषांवरून.