गागोद्याचे विनोबा

आमचे गाव पेण तालुक्यातल्या खारेपाटात. चार वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत बांध फुटला आणि खाडीचे पाणी आमच्या भातशेतीत शिरले. जमिनीत मीठ मुरल्यावर पीक कुठले येणार? बाबांनी घराला कुलूप लावले आणि आम्ही रोह्याला मामाच्या आश्रयाला आलो. निघताना आजी किती तरी वेळ उंबऱ्यावर बसून होती. शेजारीपाजारी देवाच्या इच्छेचा दाखला देत होते. मला त्याचा राग येई. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचे काय? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्याच तालुक्यातल्या एका थोर पुरुषाच्या चरित्रात सापडले.

विनायक नरहरी भावे, म्हणजेच आचार्य विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. घरच्या झाडाचा फणस उतरला की आई रुक्मिणीबाई आधी शेजाऱ्यांकडे गरे वाटायला लावीत आणि मगच मुलांना देत. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे गागोदे सुटले आणि बिऱ्हाड बडोद्याला गेले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि ब्रह्मजिज्ञासेने काशीला गेले. तेथून ते गांधीजींच्या आश्रमात पोहोचले.

१९१८ मध्ये आई गेली. अंत्यविधी पुरोहिताकडून करवून घेणे विनोबांना मान्य नव्हते. घरच्यांना त्याशिवाय चालणार नव्हते. त्यामुळे हा मातृभक्त मुलगा स्मशानात गेला नाही, घरीच बसला. आईला संस्कृत गीता कळत नसे. ती सोप्या मराठीत हवी, ही तिची इच्छा अपुरीच राहिली होती. त्या दुःखाचे विनोबांनी काय केले? बारा वर्षांनी, १९३० मध्ये, ते 'गीताई' लिहावयास बसले. आई ऐकावयास उरली नव्हती. पण तिच्यासारख्या असंख्य आयांपर्यंत गीता पोहोचली.

१९३२ मध्ये त्यांना धुळ्याच्या तुरुंगात टाकले. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. सोबतचे कैदी साने गुरुजी ती टिपून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा गजाआड जन्मला.

१९३८ मध्ये प्रकृतीने दगा दिला. वजन चाळीस किलोच्या आसपास आले. गांधीजींनी त्यांना हवापालटाचा सल्ला दिला. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण निवडले नाही. वर्ध्याजवळ धाम नदीकाठच्या पवनारला ते जाऊन राहिले. चालू कामांची सारी चिंता त्यांनी मनातून टाकून दिली आणि रोज थोडे थोडे खणू लागले. शरीर सुधारले. त्याच जमिनीत खणताना भरत-रामाच्या भेटीची प्राचीन मूर्ती सापडली. तो त्यांनी देवाचा प्रसाद मानला. मला मात्र वाटते, देव भेटला तो कुदळ हाती घेतलेल्या माणसाला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीच्या हरिजनांनी त्यांच्यापाशी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांच्या नावावर गुंठाही नव्हता. त्यांनी गावापुढेच प्रश्न ठेवला आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. गागोद्याच्या फणसाची शिकवण येथे फळाला आली, असे मला वाटते. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते भारतभर पायी हिंडले. भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, कितीतरी वाटलीही गेली नाही, हेही खरे आहे. जमीन गमावलेल्या घरातली मी, मला हे वाचून वाईट वाटले. पण फळाचा हिशेब न मांडता चालत राहणे, हेच तर ते गीतेतून शिकले होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे, अन्न-औषध सोडून, शांतपणे त्यांनी देह ठेवला.

मित्रमैत्रिणींनो, विनोबांच्या वाट्याला आलेले तुरुंगवास, आजार, आईचा वियोग हे त्यांनी मागून घेतले नव्हते. जे टळत नाही ते त्यांनी देवाच्या हाती सोपवले. उरलेले काम मात्र स्वतःच्या हाती ठेवले.

आमच्या शेतात अजून भात आलेले नाही. गावकऱ्यांनी बांध पुन्हा घालावयास घेतला आहे. बाबा दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने तिकडे जातात, चिखलाने माखून रात्री परततात. तोवर मी आजीला 'गीताई' वाचून दाखवते. आजी कधी शाळेत गेली नाही; पण मधेच मला थांबवून अर्थ तीच सांगते. आताशा मला राग येत नाही. पुढच्या रविवारी मीही बाबांबरोबर बांधावर जाणार आहे.