पडझडीतला आधार : कर्नल हेमू अधिकारी

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. महायुद्धामुळे ऐन उमेदीची वर्षे वाया गेली आणि पहिली कसोटी खेळेपर्यंत १९४७ साल उजाडले. सैन्यातील सेवा सांभाळत ते २१ कसोटी खेळले, शतक एकच. मात्र संघ कोसळत असता त्यांची बॅट ठाम राहिली. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध नऊ गडी बाद झाल्यावर त्यांनी हैदराबादच्या गुलाम अहमद यांच्या साथीने १०९ धावा जोडल्या. अखेरच्या जोडीचा हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत अबाधित राहिला. १९५९ मध्ये वेस्ट इंडिजपुढे हतबल झालेल्या संघाचे नेतृत्व एका कसोटीपुरते त्यांच्याकडे आले. तो सामना अनिर्णित राहिला.

१९७१ मध्ये ते व्यवस्थापक असताना अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकली. क्षेत्ररक्षणाची कसून करवून घेतलेली तालीम तेथे फळास आली. त्याच पदावर असताना १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत आटोपलेला डावही त्यांना पाहावा लागला. तरी नव्या खेळाडूंना घडवण्याचे व्रत त्यांनी सोडले नाही. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.