आगगाडीत मिळालेलं पुस्तक
आजचं वाचन: मत्तय 7:24-27

आजचा उतारा डोंगरावरील प्रवचनाचा अगदी शेवट आहे. ऐकणारे दोघं, घरं दोन. हेच प्रवचन वाचताना नारायण वामन टिळक अडकले होते.

चर्चमध्ये आपण त्यांची गीतं गातो, पण माणूस फारसा माहीत नसतो. जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, कवी, संस्कृतचे जाणकार. स्वभाव मात्र भलताच लहरी! मनात आलं की घर सोडून निघायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे प्रश्न तिथेच येतो.

1893 साली ते राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, आणि उतरताना त्याने नवा करार त्यांच्या हाती ठेवला. टिळकांना पुस्तक काही खास आवडलं नाही. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि पुढे सरकवेना.

आता बघा, एरवी क्षणात निर्णय घेणारा हा माणूस इथे जवळजवळ दोन वर्षं थांबला. वाचत राहिला, प्रार्थना करत राहिला, प्रश्न विचारत राहिला. मला तर वाटतं, ती लहर नव्हती याची मोठी खूण हीच. लहर इतकी वाट बघत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण साक्ष सांगताना बहुधा इथेच थांबतो. पण त्या दिवशी नाशिक-पंढरपूरकडच्या नातेवाइकांत आकांत झाला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, आणि तरी संसार मोडलेला. ताटातूट वर्षानुवर्षं चालली. टिळकांच्या आज्ञापालनाची किंमत त्या बाईनेही मोजली, तिला न विचारता. हे सोपं करून सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण आपला सोवळा स्वयंपाक आणि आपलं पाणी वेगळं ठेवूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. एके दिवशी प्रवासात, कुणी काही न सांगता, माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, असं त्यांचं त्यांनाच उमगलं. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. देव एकाच घरात दोघांशी वेगवेगळ्या वेळी बोलला!

टिळक अहमदनगरला शिकवत राहिले, ज्ञानोदयाचं मराठी संपादन बघत राहिले, तुकोबांच्या वळणाचे अभंग येशूसाठी लिहीत राहिले. सगळं स्थिरावलं होतं. आणि 1917 साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, त्यांनी मिशनचा पगार सोडला. परकी संस्था पगार देते म्हणून हा बोलतो, असं आपल्या माणसांना वाटू नये, ही तळमळ. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. मंडळीतल्या अनेकांना हे रुचलं नाही.

दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 रोजी टिळक वारले. येशूच्या जीवनावरचं ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरंच राहिलं होतं. ते पुढे पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.