दामोदर धर्मानंद कोसंबी : अनेक ज्ञानशाखांतील एक संशोधक

१. प्रास्ताविक

एखाद्या संशोधकाचे लेखन इतर अभ्यासकांनी किती वेळा संदर्भासाठी घेतले, यावरून त्याच्या कार्याचे मोल ठरविण्याची पद्धत आज रूढ झाली आहे. या पद्धतीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा, दोन्ही समजून घेण्यासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र उपयुक्त ठरते. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आणि प्राचीन भारताचे इतिहासकार हे दोघेही कोसंबींचा उल्लेख करतात. परंतु आपण एकाच व्यक्तीविषयी बोलत आहोत, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते.

२. जीवनपट

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. पाली भाषा आणि बौद्ध वाङ्मय यांचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथे काही काळ अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. पुढे होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले. तेथे १९६२ पर्यंत ते कार्यरत होते. मात्र घर पुण्यातच ठेवून ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत. २९ जून १९६६ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

३. गणित आणि जनुकशास्त्र

१९४३ साली कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यदृच्छेने बदलणाऱ्या फलनाची परस्परांवर अवलंबून नसलेल्या सोप्या घटकांत विभागणी कशी करावी, हा त्याचा विषय. पुढे कारहुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला आणि जगभर तो त्या दोघांच्या नावाने ओळखला गेला. कोसंबींचे नाव त्याला जोडण्याची प्रथा त्यामानाने अलीकडची आहे.

१९४४ च्या जनुकशास्त्रीय निबंधाचे भाग्य याच्या उलट ठरले. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर त्यांच्या पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून काढतात. परंतु अंतर वाढले की दोनदा घडलेली अदलाबदल नजरेतून निसटते आणि अंतर कमी भरते. हॉल्डेन यांच्या आधीच्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, ही वस्तुस्थिती कोसंबींनी आपल्या सुटसुटीत सूत्रात सामावून घेतली. गहू, भात यांसारख्या पिकांच्या जनुकीय नकाशांसाठी हे सूत्र आजही वापरले जाते.

४. नाणी, हस्तलिखिते आणि इतिहास

चलनात फिरणारे नाणे झिजते. या साध्या निरीक्षणावरून कोसंबींनी तक्षशिला येथे सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचा अभ्यास केला. असंख्य नाणी तोलून, वजनांची सरासरी आणि त्यांतील तफावत यांवरून त्यांनी नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यात सर्व परंपरांना समान असलेले सुमारे दोनशे श्लोक वेगळे काढले. वजनांची नोंद असो वा पाठभेदांची, पुरावा गोळा करून त्यातील क्रम शोधण्याची त्यांची रीत एकच होती, हे आपण लक्षात घ्यावे.

इतिहासलेखनात त्यांनी मार्क्सच्या विचारपद्धतीचा आधार घेतला. पण ते केवळ ग्रंथांवर विसंबले नाहीत. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी सूक्ष्मास्त्रे गोळा केली, ग्रामदेवतांची स्थाने पाहिली आणि कार्ले, जुन्नर येथील लेण्यांचा जुन्या व्यापारी मार्गांशी असलेला संबंध उलगडला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा १९५६ चा इंग्रजी ग्रंथ इतिहासलेखनाला नवे वळण देणारा ठरला.

५. मर्यादा आणि मूल्यमापन

कोसंबींचे सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. रीमान यांच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता दिल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेस त्यामुळे धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नियुक्ती पुढे चालू राहिली नाही.

आता संदर्भांच्या मोजणीकडे वळू. एका निबंधाची संख्या वाढत राहिली. दुसऱ्याचे श्रेय बराच काळ इतरांच्या नावे जमा झाले. नाण्यांवरील निबंधांचा वाचकवर्गच मुळात लहान. शिवाय जनुकशास्त्रातील शंभर संदर्भ आणि संस्कृत पाठचिकित्सेतील शंभर संदर्भ यांची तुलना करता येत नाही, कारण दोन्ही क्षेत्रांतील अभ्यासकांची संख्या आणि लेखनाची रीत भिन्न आहे. संख्येवरून लेखनाचा वापर कळतो. संशोधकाची दृष्टी कळण्यासाठी त्याचे लेखनच वाचावे लागते.

६. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१) कोसंबींच्या १९४३ व १९४४ च्या निबंधांना मिळालेल्या श्रेयातील फरक स्पष्ट करा.
२) नाणी आणि हस्तलिखिते यांच्या अभ्यासातील पद्धतीचे साम्य सांगा.
३) भिन्न ज्ञानशाखांतील संशोधनाची तुलना केवळ संदर्भसंख्येवरून का करता येत नाही, याची चर्चा करा.